स्पर्धेतील आराखडा आणि गावाचा ताळेबंद

विद्यार्थ्यांनी नोकरीच्या मागे न धावता उद्योजक व्हावे, हा उपदेश आता दीक्षान्त भाषणांपुरता राहिलेला नाही. टेक्सास विद्यापीठात १९८४ साली सुरू झालेल्या उद्योग-आराखड्यांच्या स्पर्धेचे अनुकरण जगभर झाले. मुंबईच्या आयआयटीतील 'युरेका' स्पर्धा आपल्याकडे सुपरिचित आहे; २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानेही नवोपक्रमांना उत्तेजन देण्याची तरतूद केली. कल्पनेला खर्चाची व ग्राहकाची वेसण लागते हे अशा स्पर्धा शिकवितात. म्हणून त्यांचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो परीक्षकांच्या मोजपट्टीचा.

ही मोजपट्टी अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला लावून पाहावी. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, तेव्हा पर्जन्यछायेतील हे गाव दुष्काळ, दारू व स्थलांतर यांनी पोखरलेले होते. पुढे डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, झाडे लावली गेली. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी आली. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस नको, केळी नको, असे गावाने ठरविले. दरवर्षी पाऊस व भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो; आधी पिण्याचे पाणी राखायचे, मग पिके ठरवायची. गवत वाढले, दूध वाढले, गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली.

हा आराखडा एखाद्या स्पर्धेत पहिल्या फेरीपलीकडे गेला असता काय? ज्या जिल्ह्याने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभारला, त्याच जिल्ह्यात उसाला नकार देणारी योजना परीक्षकांना उत्पन्नावर पाणी सोडणारी वाटली असती. वस्तुतः तिने भांडवलाची व्याख्या अचूक केली होती. पाऊस हे उत्पन्न आणि भूजल ही ठेव; ठेव मोडून दाखविलेला नफा हा नफाच नव्हे.

गाव म्हणजे कंपनी नव्हे आणि ग्रामसभेचा अधिकार एकट्या तरुण उद्योजकाला नसतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु निर्बंध घालण्याचा अधिकार नसला, तरी हिशेब मांडण्याचे कर्तव्य उरतेच. ग्रामीण उद्योगाच्या प्रत्येक आराखड्यास पाण्याचा ताळेबंद जोडणे विद्यापीठांनी सक्तीचे करावे. अंतिम फेरी वातानुकूलित सभागृहाऐवजी संबंधित गावाच्या ग्रामसभेपुढे घ्यावी. आणि पारितोषिकाचा काही भाग उद्योगाने एक उन्हाळा पाहिल्यानंतरच द्यावा. चटकदार सादरीकरणाने परीक्षक जिंकता येतात. विहिरीचा तळ मात्र कोणाच्याही वक्तृत्वाने वर येत नाही, हे उद्याच्या उद्योजकाला विद्यापीठातच उमगले पाहिजे.