उधारीचे पोते सव्वा हात रिते

निवडणुका आल्या की आरोग्य योजनेचा आकडा फुगतो. आरोग्यश्री २००७ साली एकत्रित आंध्र प्रदेशात सुरू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणाच्या नव्या सरकारने तिची मर्यादा ५ लाखांवरून १० लाखांवर नेली. टाळ्या पडल्या. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये थकबाकी मिळत नाही म्हणून योजनेतील खासगी रुग्णालयांनी सेवाच थांबविली. कार्डावर १० लाख आणि दवाखान्याचे दार बंद! उधारीचे पोते सव्वा हात रिते म्हणतात, ते खोटे नाही.

गरिबाला उपचार मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. आरोग्यश्रीमुळे कित्येकांची हृदयशस्त्रक्रिया घर गहाण न टाकता झाली, हे मान्यच केले पाहिजे. आमचा विरोध मदतीला नाही, सरकारने स्वतःच विमेदार होण्याला आहे. दर सरकार ठरवणार, बिल सरकार तपासणार आणि पैसे सवडीने देणार. आयुष्य बँकेच्या खातेवहीत गेलेल्या माणसाला हा व्यवहार कसा पटावा? येणे वेळेवर येत नसेल तर धंदेवाला एक तर माल हलका देतो किंवा दुकान बंद करतो. रुग्णालयेही तेच करतात, आणि भोगतो तो रुग्ण.

हिशेबाचेही तेच. आयुष्मान भारत योजनेत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असल्याचे 'कॅग'ने २०२३ मध्ये दाखवून दिले. पैसा कोणा एकाचा नसला की राखणही कोणी करत नाही.

दुसरा मार्ग आहे. १९८६ मध्ये मेडिक्लेम आली, तेव्हा चारच सरकारी कंपन्या होत्या आणि ग्राहकाला मिळेल ते गोड मानून घ्यावे लागे. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या. २०११ पासून जुन्या पॉलिसीचे लाभ न गमावता कंपनी बदलता येते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. स्पर्धा आणि मोकळीक यांनीच हे साधले.

खासगी कंपन्या दावे नाकारतात, म्हाताऱ्यांचे हप्ते वाढवतात, असे कोणी म्हणेल. तक्रार खरी आहे. पण तिथे दाद मागायला जागा आहे. नियामक 'इर्डाई'चे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, विमा लोकपालही येथे बसतो. पाच वर्षे सलग हप्ते भरले की फसवणुकीखेरीज जुन्या आजाराचे कारण सांगून दावा नाकारता येत नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी नियामकाला विचारावे लागते, हा नियम जानेवारी २०२५चा. दावा द्यायला उशीर झाला तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यावे लागते. सरकारच खेळाडू आणि सरकारच पंच असेल, तर शिट्टी कोण वाजवणार?

म्हणून आमची सूचना साधी आहे. गरीब कुटुंबामागे सरकार जो खर्च करते, तो हप्त्याच्या रूपाने त्या कुटुंबाच्या नावे द्यावा आणि कंपनी कुटुंबाने निवडावी. २००८च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत हप्ता सरकारने भरला, पण जिल्ह्याची कंपनी निविदेने ठरली. निवड लाभार्थ्याच्या हाती आलीच नाही. तीच चूक पुन्हा नको. प्रत्येक रुग्णालयाने नेहमीच्या उपचारांचे दर दर्शनी भागात लावावेत. आणि सरकारने आपले लक्ष उस्मानिया, गांधी रुग्णालये आणि वस्तीतले दवाखाने यांवर द्यावे; ते काम दुसरे कोणी करणार नाही.

आपल्या समाजाला यात आणखी एक गरज आहे. आपले सोयरे नांदेड-लातूरकडचे. उपचारासाठी ते हैदराबादला येतात, पण आरोग्यश्री येथल्या रेशनकार्डाशी बांधलेली. स्वतःची पॉलिसी असेल, तर ती माणसाबरोबर सीमा ओलांडते.

उद्या मते मागायला उमेदवार दारात येतील आणि आणखी मोठा आकडा सांगतील. सभासदांनी त्यांना एवढेच विचारावे : मागची थकबाकी किती, आणि ती केव्हा देणार?