निकालाआधीची तारीख

२४ नोव्हेंबर २०१९ हा रविवार होता. आदल्या सकाळी देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री झाल्याची बातमी पाहून अवघ्या महाराष्ट्राने डोळे चोळले होते. (‘पहाटेचा शपथविधी’ हे नाव त्याला चिकटले ते चिकटलेच, प्रत्यक्षात घड्याळात आठ वाजत आले होते.) शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस याचिका घेऊन त्याच संध्याकाळी सर्वोच्च न्यायालयात पोचले. रविवारी न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा, अशोक भूषण आणि संजीव खन्ना यांचे पीठ बसले. सोमवारी राज्यपालांची पत्रे मागवून पुन्हा सुनावणी झाली आणि मंगळवारी सकाळी आदेश आला: उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत सिद्ध करा, मतदान गुप्त नको, कामकाज थेट दाखवा. त्याच दुपारी आधी अजित पवारांनी आणि मग फडणवीसांनी राजीनामा दिला. तारीख होती २६ नोव्हेंबर, म्हणजे नेमका संविधान दिन.

राज्यपाल चुकले की नाही, या मोठ्या प्रश्नाला न्यायालयाने तेव्हा हात घातलाच नाही. तो नंतर बघू म्हणाले. तो प्रश्न आजवर कोणाला फारसा आठवलेला नाही, कारण निर्णय व्हायचा तो वेळेत होऊन गेला होता.

आता याच राज्यातला, याच पक्षांमधला पुढचा तंटा पाहा. जून २०२२मध्ये शिवसेनेचे एकनाथ शिंदे बंडखोर आमदारांसह आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवळ यांनी बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. उत्तराला वेळ अपुरा आहे, असे म्हणत आमदार सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जूनला न्यायमूर्ती सूर्य कांत आणि जे. बी. पारडीवाला यांच्या सुटीकालीन पीठाने त्यांना १२ जुलैच्या संध्याकाळपर्यंत मुदत दिली. दोनच दिवसांनी, २९ जूनच्या रात्री, याच पीठापुढे दुसरा प्रश्न आला: राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलेली बहुमत चाचणी थांबवावी का? पीठाने नकार दिला. त्याच रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा जाहीर केला, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले, ३ जुलैला राहुल नार्वेकर विधानसभाध्यक्ष झाले. १२ जुलै उजाडायच्या आत नोटिशीला उत्तर देणारे सत्तेत बसले होते आणि नोटीस काढणारे विरोधात.

दोन्ही आदेश सुटे सुटे वाचले तर कोणी नावे ठेवणार नाही. उत्तराला पुरेसा वेळ द्यावा, हे न्यायाचे साधे तत्त्व. बहुमत सभागृहात तपासावे, हे राष्ट्रपती राजवटीविषयीच्या बोम्मई खटल्यापासून न्यायालय सांगत आले आहे. पण एका बाजूला पंधरा दिवस आणि दुसऱ्या बाजूला एक रात्र, हे गणित एकत्र मांडले की उत्तर एकच येते. तो निकाल कोणत्याही निकालपत्रात लिहिलेला नाही.

लिहिलेला निकाल आला ११ मे २०२३ रोजी. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की बहुमत चाचणी बोलावण्याइतका ठोस आधार राज्यपालांकडे नव्हता आणि शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. मात्र ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचे काय? ते अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावे. बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणावे तर इथे झोपा करण्याचे कामही ज्यांच्या निवडीवरून वाद होता त्याच अध्यक्षांकडे सोपवले गेले. ठाकरे यांनी राजीनाम्याची घाई करायला नको होती, हे निकालानंतर सगळेच शहाण्यासारखे सांगू लागले. मला तो मुद्दा पटतो. पण राज्यपालांची चूक दुरुस्त होणार की नाही हे पीडिताच्या एका रात्रीच्या मनःस्थितीवर अवलंबून असेल, तर दहा महिने न्यायालयाने नेमके काय वाचवले?

पुढचे थोडक्यात सांगतो. ‘वाजवी वेळ’ संपता संपेना, तेव्हा न्यायालयाला अध्यक्षांना तारखा घालून द्याव्या लागल्या. १० जानेवारी २०२४ला नार्वेकर यांनी निर्णय दिला: कोणीच अपात्र नाही. त्याविरुद्ध पुन्हा याचिका झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये ती विधानसभाच संपली, नवी निवडणूक झाली, सरन्यायाधीश चंद्रचूड निवृत्त झाले. याचिका तेव्हाही निकालावाचून पडून होती.

कोणता गट खरी शिवसेना, हा या लेखाचा विषय नाही. २०१९च्या वेगाचा फायदा एका बाजूला झाला, २०२२च्या संथपणाचा दुसऱ्या. उद्या उलटे होईल. माझा मुद्दा इतकाच की राजकीय खटल्यात प्रकरण बोर्डावर कधी येते, यातच निम्मा निकाल असतो. तो देताना मात्र कारणे लिहावी लागत नाहीत.

मग सगळ्याच खटल्यांत धडाका लावावा का? इथे आपल्याच राज्यातला एक जुना खटला आडवा येतो. तो थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण आजच्या तरुण वकिलांना त्यातले कायद्याचे सूत्र पाठ असते, गोष्ट मात्र ठाऊक नसते.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८०च्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. घर बांधायचे तर परवाना हवा, आणि परवाना सरकारच्या हातात. अंतुले यांनी काही न्यास स्थापन केले; त्यांतला सर्वात गाजलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. बिल्डरांनी न्यासांना देणग्या द्यायच्या आणि सिमेंटचा कोटा मिळवायचा, असा आरोप झाला. ३१ ऑगस्ट १९८१ला ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी तो कागदपत्रांसह मांडला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ला निकाल देताना देणगी आणि सिमेंट यांचे नाते मान्य केले, आणि अंतुले पायउतार झाले. बातमीपासून राजीनाम्यापर्यंत साडेचार महिने. इथवर सगळे झपाट्याने झाले.

फौजदारी खटला मात्र दारातच अडला. भाजपचे रामदास नायक यांनी तक्रार केली, पण लोकसेवकावर खटला चालवायला आधी मंजुरी लागते. राज्यपालांची मंजुरी मिळाली. अंतुले यांचे म्हणणे असे की, मी मुख्यमंत्री राहिलो नसलो तरी आमदार आहे, आमदारही लोकसेवकच, तेव्हा त्या नात्याने वेगळी मंजुरी आणा. जुलै १९८३मध्ये विशेष न्यायाधीशांनी हे मान्य करून त्यांना मोकळे केले. १६ फेब्रुवारी १९८४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते फिरवले: दंडविधानाच्या अर्थाने आमदार हा लोकसेवक नव्हे. (मतदारांना हे आधीच माहीत होते, असा विनोद करायचा मोह मी टाळतो.)

तिथे थांबले असते तर बरे होते. पण अडीच वर्षे उलटली आणि खटला जागचा हलला नाही, याने पीठ अस्वस्थ झाले होते. त्या अस्वस्थतेपोटी त्यांनी कोणीही न मागता आणखी एक आदेश दिला: खटला विशेष न्यायालयातून काढून थेट मुंबई उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींपुढे ठेवा आणि रोजच्या रोज चालवा. हेतू चांगला होता. अडचण अशी की १९५२च्या कायद्यानुसार असे खटले चालवण्याचा अधिकार फक्त विशेष न्यायाधीशांना होता. शिवाय विशेष न्यायालयात शिक्षा झाली तर उच्च न्यायालयात अपील करता येते. खटलाच उच्च न्यायालयात चालला की अपिलाची ती पायरी गेली.

चार वर्षे खटला उच्च न्यायालयात चालला. न्यायमूर्ती बदलले. काही आरोप ठेवावेत की वगळावेत, यावर १९८६मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. आणि २९ एप्रिल १९८८ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरवले की १९८४चा तो आदेशच कायद्याला सोडून होता. न्यायालयाच्या चुकीची झळ कोणालाही लागू नये, हे सूत्र वकील आजही उठताबसता सांगतात ते याच निकालातून. खटला परत विशेष न्यायाधीशांकडे. वेळ वाचवायला दिलेल्या एका आदेशाने चार वर्षे खाल्ली. कडी म्हणजे डिसेंबर १९९१मध्ये अंतुले यांच्याच याचिकेवर पाच न्यायमूर्तींनी शीघ्र सुनावणीच्या हक्काची तत्त्वे ठरवून दिली. काळाची कमाल मर्यादा आखून द्यायला मात्र नकार दिला. तोवर अंतुले कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते, पुढे केंद्रात दोनदा मंत्रीही झाले.

२०१९ आणि १९८४ या दोन वेळच्या घाईतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. २०१९मध्ये न्यायालयाने स्वतःचा रविवार मोडला. १९८४मध्ये दुसऱ्या न्यायालयाचा कायदा मोडला. वेग हवा असेल तर तो आपल्या वेळापत्रकातून काढावा. पक्षकाराच्या हक्कातून किंवा खालच्या न्यायालयाच्या अधिकारातून नव्हे.

इतरांच्या वेळापत्रकाबद्दल न्यायालय बोलायला कचरत नाही. उत्तर प्रदेशात २००३मध्ये बसपचे १३ आमदार मुलायमसिंह यादवांना पाठिंबा द्यायला राज्यपालांकडे गेले. त्यांच्या अपात्रतेची याचिका अध्यक्षांनी लोंबकळत ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले ते फेब्रुवारी २००७मध्ये, विधानसभेची मुदत संपायला जेमतेम काही महिने उरले असताना. त्यातून शिकून २०२०मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने सांगितले की अपवाद वगळता अध्यक्षांनी तीन महिन्यांत निर्णय द्यावा. जुलै २०२५मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तेलंगणच्या अध्यक्षांना तीन महिन्यांचीच मुदत घातली. हे योग्यच झाले. पण अध्यक्षाच्या टेबलावरची फाईल तीन महिन्यांत हलावी आणि तीच फाईल दिल्लीत आली की तिला मुदत नाही, हे कसे?

कोणते प्रकरण कोणत्या पीठापुढे आणि कधी, हे सरन्यायाधीश ठरवतात. जानेवारी २०१८मध्ये चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली ती प्रकरणांच्या याच वाटपावरून. त्यानंतर न्यायालयाने हा अधिकार सरन्यायाधीशांचाच असल्याचे पुन्हा सांगितले. घटनेच्या अर्थाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायमूर्ती लागतात. ते बसले की तेवढी छोटी पीठे बंद. न्यायालयात ऐंशी हजारांहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. कोणाचा जामीन, कोणाची पेन्शन रखडली असताना राजकारण्यांना रांग मोडून पुढे का घ्यावे, हा आक्षेप मला खरा वाटतो. तरीही उत्तर आहे. जमिनीचा दावा उशिराने मरत नाही, फार तर दावेदार मरतो. सरकार कायदेशीर आहे का, हा दावा मात्र विधानसभेच्या मुदतीबरोबर मरतो, आणि त्या मुदतीत त्या सरकारने केलेले कायदे, बदल्या, अंदाजपत्रके मागे उरतात. ब्रिटनमध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी २०१९मध्ये संसद संस्थगित केली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे ११ न्यायाधीश तीन दिवस बसले आणि पाच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, निकाल देऊन मोकळे झाले. मुदत संपल्यावर दिलेल्या निकालाचा उपयोग फक्त परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना असतो, हे त्यांनी ओळखले होते.

तेव्हा मागणी साधी आहे. सरकारचे अस्तित्व किंवा सदस्यांची अपात्रता पणाला लागलेली याचिका दाखल झाली की तिचे वेळापत्रक पहिल्याच दिवशी लेखी जाहीर व्हावे. ठरल्या मुदतीत सुनावणी झाली नाही तर कारण आदेशात नोंदवावे. अंतरिम आदेशाने सत्ता इकडची तिकडे होणार असेल, तर दोन्ही बाजूंची घड्याळे एकदम थांबवावीत किंवा एकदम चालू ठेवावीत. यासाठी संसदेने घटनादुरुस्ती करण्याची गरज नाही. आपल्या कामकाजाचे नियम राष्ट्रपतींच्या मान्यतेने करण्याचा अधिकार घटनेच्या १४५व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाला पहिल्यापासून दिलेला आहे.