गाडीचं ऑइल : किलोमीटर बघायचे की तारीख?

गाडीचं ऑइल बदललं की मिस्त्री एक छोटं कार्ड लिहून देतो. कुणी ते स्टिअरिंगजवळ दोऱ्यानं लटकवतो, कुणी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो. त्यावर दोन रकाने असतात. पुढचं ऑइल किती किलोमीटरला, आणि कोणत्या तारखेला. आमच्या गाडीतल्या कार्डावर पहिला रकाना भरलेला होता : ६०,०००. दुसरा कोरा. तो कोरा का राहिला हे मला चांगलं आठवतं. मिस्त्रीनं विचारलं होतं, "आपा, तारीख डालूं क्या?" आणि मीच म्हणाले होते, "रहने दो मामू, अपनी गाडी चलतीच कित्ती है?"

वर्गात कुणी वहीच्या पानावर तारीख घातली नाही तर मी ते पान तपासत नाही, परत पाठवते. मुलं वैतागतात. आणि तीच मी.

ही गोष्ट ऑगस्ट २०२१ ची. गाडी जुनीच घेतलेली, लहान पेट्रोल गाडी, मीटरवर ५०,००० किलोमीटर. माझी शाळा हिमायतनगरपासून सहा किलोमीटरवर. सकाळी सहा, दुपारी सहा. मधे बाजार, कुणाची दावत, वर्षातून तीन-चार वेळा नांदेड. वर्षाला तीन-सव्वातीन हजार किलोमीटरच्या वर गाडी जात नाही. मग १०,००० किलोमीटर व्हायला तीन वर्षं लागणार, हा माझा हिशोब. गणितात चूक नव्हती. कार्डाचा दुसरा रकाना मात्र मी गणितात धरलाच नव्हता.

मे २०२४ मध्ये अम्मीला डोळ्यांच्या तपासणीसाठी नांदेडला न्यायचं होतं. ऊन चढायच्या आत पोहोचू म्हणून फजर झाल्यावर लगेच निघालो. गाडी मी चालवत होते, मागे अम्मी आणि माझी मुलगी. भोकर मागे पडलं आणि थोड्या वेळानं समोर एक लाल दिवा लुकलुकला. अलादीनच्या चिरागासारखं चित्र असतं ना, तो. क्षणभर लागला, विझला, पुन्हा लागला. मला वाटलं, ऑइल बदलायची वेळ झाली असं गाडी सांगतेय. मीटरवर ५९,००० च्या वर आकडा होताच. म्हटलं, नांदेडला पोहोचल्यावर बघू. चार-पाच किलोमीटर तशीच गेले. मग इंजिनातून टकटक आवाज यायला लागला, शिलाई मशीनसारखा, आणि बघता बघता तो ठोक्यांसारखा झाला. गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन जाम झालं होतं.

अम्मीला एका भल्या माणसाच्या जीपमध्ये मुलीबरोबर परत पाठवलं. गाडी टोचन करून भोकरला आणली. तपासणीची ती तारीख गेली, पुढची सात आठवड्यांनी मिळाली. इंजिन खोलल्यावर मिस्त्रीनं मला बोलावून दाखवलं. वरच्या झाकणाखाली काळा, घट्ट, डांबरासारखा थर. खालचं चेंबर उतरवलं तर त्यातही तेच. चेंबरमध्ये एक जाळी असते, तिच्यातून पंप ऑइल ओढतो आणि वरपर्यंत पोहोचवतो. ती जाळी त्या गाळानं बुजली होती. ऑइल थोडंफार होतं, पण वर चढत नव्हतं. लाल दिवा तेच सांगत होता. क्रँकच्या बेअरिंगा गेल्या होत्या. सगळं मिळून ३६,००० रुपये झाले. मुलीला अकरावीसाठी लातूरला ठेवायचं होतं, तिच्या वसतिगृहाच्या डिपॉझिटसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. डिपॉझिट मग तिच्या मामूंनी भरलं. ते पैसे फेडून झाले, पण मामूंच्या दारात उभं राहतानाचा तो दिवस अजून फिटलेला नाही. वेळेवर दोनदा ऑइल बदललं असतं तर चार-पाच हजारांत भागलं असतं.

तेव्हापासून या विषयात मी जरा शिकले. आपल्या घरांतून आता गाडी बायकाही चालवतात, पण बॉनेट उघडायचं काम मात्र "त्यांचं" समजतात. म्हणून सविस्तर लिहिते.

ऑइल फक्त घासणारे भाग ओले ठेवतं असं नाही. ते इंजिनाची उष्णता वाहून नेतं, काजळी आणि घाण धरून ठेवतं, आणि जळताना तयार होणारी आम्लं मारतं. यासाठी त्यात वेगवेगळी रसायनं मिसळलेली असतात. तीच हळूहळू संपतात. ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं, हा गैरसमज आहे. काळं पडलं म्हणजे ते घाण धरतंय, आपलं काम करतंय. डिझेल गाडीत तर नवं ऑइल काही दिवसांतच काळं होतं. बोटावर चोळून रंग बघून निकाल देणारे पुष्कळ भेटतात; त्यांचं फार मनावर घेऊ नका.

आता माझ्या गाडीत काय झालं ते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब दिसतात ते हेच. पण थोडी वाफ, आणि थोडं न जळलेलं पेट्रोलही, पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी लांब पल्ल्याला गेली, इंजिन चांगलं तापलं, की ते उडून जातं. सहा किलोमीटरमध्ये इंजिनातलं पाणी गरम होतं, काटा मध्यावर येतो, पण ऑइल पुरतं तापायच्या आत शाळा येते. चावी बंद. दुपारी पुन्हा तेच. ओलावा आणि पेट्रोल आतच राहतं, साठतं, रसायनं संपवतं आणि शेवटी गाळ धरतो. म्हणजे कमी चालणारी गाडी ऑइलला हलकी जात नाही, उलट जड जाते. रमजानमध्ये भजी तळून उरलेलं तेल डब्यात ठेवून बघा. महिनोन्‌महिने हात लावला नाही तरी ते ठेवलं तसं राहत नाही.

म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. आजच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते. या "जे आधी होईल ते" वर माझे ३६,००० गेले. आणि त्याच पुस्तिकेत आणखी एक पान असतं, जे कुणी वाचत नाही. कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाडीचं. सतत छोट्या फेऱ्या, धुळीचा रस्ता, जड ओझं, उभ्या गाडीत तासन्‌तास चालू इंजिन. अशा गाडीला ऑइल याहून लवकर बदला, असं त्यात सांगितलेलं असतं. किती लवकर, ते आपल्या पुस्तिकेत बघावं. आपल्याकडचा मे महिना, रस्त्याची कामं, ट्रॅक्टरमागची धूळ बघितली तर हिमायतनगरची निम्मी वाहनं त्या पानात बसतात. धुळीसाठी एअर फिल्टरही बघावा. तो फाटका किंवा गच्च असेल तर नव्या ऑइलमध्येही माती उतरते.

माझ्या भाच्याची गोष्ट अगदी उलट. तो भोकर-नांदेड रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो, डिझेल. दिवसाला दोनशे किलोमीटर सहज. त्याचे १०,००० दोन महिन्यांत होतात. त्याला तारीख बघायची गरजच नाही, त्यानं किलोमीटर बघायचे. त्याचं इंजिन दिवसभर तापलेलं असतं, ओलावा टिकत नाही. पण डिझेलची काजळी असते, आणि ओझं. तो म्हणतो, "खाला, मैं तो पाँच हजार पेच बदलता." त्याच्या उस्तादानं शिकवलेलं.

हा पाच हजारांचा नियम कुठून आला? जुन्या जीपांच्या जमान्यात तो बरोबरच होता. तेव्हा ऑइल साधं होतं, इंजिनं जुन्या घडणीची होती आणि डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं. गंधक जळून आम्ल होतं आणि ते ऑइल मारतं. बीएस-३ डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालायचं. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं तेव्हा ते ५० वर आलं, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १० वर. ऑइलही सुधारलं. नियम मात्र उस्तादाकडून शागिर्दाकडे तसाच गेला. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत ३,००० मैलांचा, म्हणजे पाच हजार किलोमीटरच्या जवळपासचाच, नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला. शेवटी कॅलिफोर्निया राज्यानं मोहीम काढली, की तो जुना आकडा सोडा आणि आपल्या गाडीची पुस्तिका काय सांगते ते बघा. उगाच लवकर बदललेलं ऑइल म्हणजे पैसेही वाया आणि टाकाऊ तेलाचा ढीगही मोठा. भाच्याला मी पुस्तिका वाचून दाखवली. ओझं आणि धूळ बघता त्याच्या गाडीला पाच हजार अगदीच चूक नाहीत. पण ते उस्ताद म्हणतो म्हणून नव्हे, हे त्याला कळलं. बीएस-६ डिझेल गाडी असेल तर आणखी एक सांभाळा. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते, तिला कमी राखेचं ऑइलच लागतं. दुकानात पडलेलं कुठलंही डिझेल ऑइल तिला चालत नाही.

ग्रेडवरूनही वाद होतात. "इथं एवढं ऊन, जाड ऑइल टाका." डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर; त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती पातळ राहतं त्याचा, मागचा आकडा तापलेल्या इंजिनाचा. आणि तापलेल्या इंजिनातलं पाणी श्रीनगर असो की हिमायतनगर, नव्वदच्या आसपासच ठेवलेलं असतं. त्यासाठीच थर्मोस्टॅट असतो. नव्या इंजिनाच्या बारीक वाटा पातळ ऑइलसाठी आखलेल्या असतात. पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घ्या.

ऑइल घेताना सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावा. लहान गाडीला साधारण तीन लिटर लागतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडाही पुस्तिकेत असतो. ऑइलबरोबर फिल्टर बदलायचाच, तिथे शे-दोनशे वाचवू नका. रिकामा डबा घरी आणा किंवा तिथेच फोडून टाका. चांगल्या कंपनीच्या साबूत डब्यात भलतंच तेल भरून विकणारे असतात.

महिन्यातून एकदा गेज काढून बघायला पाच मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं. पट्टी काढून पुसायची, पूर्ण आत घालून पुन्हा काढायची. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. खालच्या खुणेखाली असेल तर भर घाला. वरच्या खुणेच्या वरही नको. जास्त ऑइल क्रँकच्या मारानं फेसाळतं आणि फेसाला वंगण म्हणत नाहीत.

आणि तो लाल चिराग. तो ऑइल बदलायची आठवण करून देणारा दिवा नाही. चालत्या गाडीत तो लागला म्हणजे इंजिनाला या क्षणी ऑइल मिळत नाही. पुढचं गाव, पुढचा पंप, पुढचं गॅरेज असं काही नाही. कडेला घ्यायची, चावी बंद करायची, फोन करायचा. मी त्याच वेळी थांबले असते तर बेअरिंगा बहुधा वाचल्या असत्या, असं मिस्त्री म्हणाला. घरात जो जो गाडी चालवतो त्याला हे सांगा, लायसन नुकतंच मिळालेल्या मुलांना आधी.

काढलेलं काळं तेल आपल्याकडे वाळवीसाठी दाराच्या चौकटींना लावतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, उरलं की नालीत. कायद्यानं हा घातक कचरा आहे. त्यात जळून तयार झालेली आणि धातूंची विषारी घाण असते, कातडीलाही वाईट. गॅरेजवाल्याला ते गोळा करणाऱ्याकडे द्यायला सांगा. घराजवळ विहीर किंवा बोअर असेल तर अंगणात एक थेंबही नको.

गाडी आता ठीक चालते. कार्डावर दोन्ही रकाने भरलेले आहेत. तारीख मुलीनं लिहिली, लातूरला जायच्या आदल्या दिवशी. छोट्या फेऱ्या बघून मी सहा महिन्यांचीच धरली आहे. दर पंधरा दिवसांनी रविवारी गाडी मुद्दाम भोकरपर्यंत नेऊन आणते, म्हणजे ऑइल पुरतं तापतं. अम्मीचा मात्र गाडीवर भरवसा राहिला नाही. नांदेडला निघायच्या दिवशी ती दारात उभी राहते, मला बॉनेट उघडायला लावते, पट्टी स्वतः चष्मा लावून बघते, आणि मगच आत बसते.