मोजणी बाजारच्या दिवशी करा

सार्वजनिक वाहनतळांची गरज तपासण्यासाठी सल्लागार नेमण्याचा विषय सभेपुढे आला, की तो सहसा विनाचर्चा मंजूर होतो. त्यात कोणाचेच काही जात नाही. व्यापाऱ्यांना वाटते, आता वाहनतळ होणार. सदस्यांना वाटते, आपल्या पाठपुराव्याला यश आले. मुख्याधिकाऱ्यांना तर 'अहवाल अपेक्षित आहे' हे उत्तर पुढचे सहा-आठ महिने पुरते. या मासिकाच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी अशी निविदा काढली आहे, काहींनी ती भरली आहे आणि आमच्या जाहिरातदारांतही सल्लागार संस्था कमी नाहीत. तरीही हा विषय घेतो आहोत. अशा अभ्यासाचे उत्तर पुष्कळदा निविदेच्या पहिल्या पानावर, कामाच्या व्याप्तीतच ठरून जाते. ते पान सल्लागार लिहीत नाही, आपण लिहितो.

मुंबईने १९६२ च्या सुमारास विल्बर स्मिथ अँड असोसिएट्स या अमेरिकी कंपनीला शहराच्या वाहतुकीचा अभ्यास दिला. १९६३ मध्ये अहवाल आला. मोटारींना वाट कशी करून द्यायची, हा प्रश्न होता. त्याला साजेसे उत्तर आले, म्हणजे जलदगती मार्ग आणि उड्डाणपूल. अहवाल वाईट होता असे नव्हे. विचारलेल्या प्रश्नाला त्याने चोख उत्तर दिले. मुंबईतली बहुसंख्य माणसे तेव्हा लोकल, ट्राम आणि बसने ये-जा करत होती, हा मुद्दा प्रश्नातच दुय्यम होता.

पार्किंगच्या बाबतीत हेच पुन्हा घडले. 'जागा किती कमी पडतात?' असे विचारले, की उत्तर 'इतक्या बांधा' असेच येणार. मग बिल्डरला जादा चटईक्षेत्र द्यायचे आणि त्याच्याकडून सार्वजनिक वाहनतळ बांधून घ्यायचे, अशी तरतूद विकास नियंत्रण नियमावलीत झाली. वाहनतळ उभे राहिले आणि त्यांतले कित्येक अर्धे रिकामे राहिले, कारण समोरच्या रस्त्यावर गाडी फुकट उभी राहत होती. शेवटी जुलै २०१९ मध्ये बृहन्मुंबई महापालिकेने आपल्या २६ सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी लावणाऱ्यांना ५ हजार रुपयांपासून पुढे दंड लावायला सुरुवात केली. आधी जागा बांधल्या आणि मग त्या भराव्यात म्हणून दंड लावला. या क्रमावरून आपल्या धंद्याने काही शिकायला हवे होते.

पुण्याने प्रश्न थोडा बदलून पाहिला. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेत पार्किंग धोरण मंजूर झाले. जागेची मागणी पाहून दर ठेवावा, गर्दीच्या रस्त्यावर तो जास्त असावा, हा त्याचा गाभा. देशाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही हेच म्हटले आहे: शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि पार्किंगच्या दरात ते मोल दिसले पाहिजे. पुण्यात विरोध एवढा झाला, की धोरण आधी पाच रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून आणण्याचे ठरले आणि तिथेही ते रखडले. तरी तो खटाटोप वाया गेला असे आम्ही मानत नाही. 'फुकट असताना लागणारी जागा' आणि 'गरज' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निदान एका सभागृहाच्या कामकाजात नोंदले गेले. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात हेच मांडले होते. दर असा ठेवा, की रस्त्यावरच्या साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असतील आणि येणाऱ्याला एखादी मोकळी मिळेल. त्यापेक्षा जास्त भरल्या तर दर कमी पडतो आहे आणि ओस पडल्या तर तो जास्त आहे, असे समजावे.

आता महानगरे सोडून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बेलापूरला येऊ. नवी मुंबईतल्या नव्हे, श्रीरामपूर तालुक्यातल्या, प्रवरेकाठच्या. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्यावरचे बेलापूर स्टेशन गावापासून काही किलोमीटर उत्तरेला पडले आणि स्टेशनभोवती वाढत गेले ते आजचे श्रीरामपूर. स्टेशनचे नाव अजून बेलापूरच आहे. म्हणजे एका गावाच्या नावाने दुसऱ्या गावात गाड्या थांबतात. जुनी पेठ इकडे आणि नगरपरिषद, मोठी बाजारपेठ, तालुक्याची कार्यालये तिकडे, अशी ही वाटणी आहे. बेलापूरला ग्रामपंचायत आहे. तिच्याकडे नगररचना विभाग नाही, वाहतूक कक्ष नाही, आणि तरीही पेठेत गाडी लावायला जागा नसते.

समजा, उद्या इथे किंवा श्रीरामपूरला पार्किंगच्या अभ्यासाची निविदा निघाली. सल्लागार काय करील ते आपल्याला पाठ आहे. रस्त्यांची लांबी मोजून जागांची यादी करील. मंगळवार-बुधवारसारखा 'सर्वसाधारण' दिवस निवडून दर अर्ध्या तासाला नंबरप्लेट टिपत फेऱ्या मारील. दुचाकीला मोटारीच्या पाव जागेइतकी धरून सगळ्याचे रूपांतर मोटारींच्या जागांत करील. मोकळ्या तळावर मोटारीमागे २३ चौरस मीटर, तळघरात ३२, असे दिल्लीच्या बृहत् आराखड्यातले गुणक लावील. शेवटी दहा आणि वीस वर्षांनंतरची तूट काढून देईल.

गोम आहे ती सर्वसाधारण दिवसाच्या निवडीत. पेठेच्या गावात असा दिवस कोणता? आठवडे बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून मोटारसायकली येतात, सहाआसनी ॲपे येतात, भाजीवाल्यांचे छोटे हत्ती येतात. भाजीवाल्याची गाडी सकाळी दुकानामागे लागली की सांजेपर्यंत हलत नाही, कारण तीच त्याची वखार असते. तिला पार्किंग म्हणायचे की दुकानाचा भाग? तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो. उपबाजारात कांद्याची आवक असली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. लिलाव होईपर्यंत त्या उभ्या, मग वजनकाटा, मग व्यापाऱ्याची खळी. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा तालुक्यातल्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आणि दिवाळीनंतर ऊस सुरू होतो.

ऊस सुरू झाला की या भागातल्या वाहतुकीचे गणितच बदलते. दोन ट्रॉल्या जोडलेला भरला ट्रॅक्टर तीन मोटारींची लांबी खातो. ऊसतोड कामगारांच्या टायरगाड्या बैलांसकट रस्त्याच्या कडेला विसावतात. गव्हाणीला खोळंबा झाला, की कारखान्याच्या यार्डाबाहेरची रांग मुख्य रस्त्यावर येते. हे काही आजचे नाही. हरेगावला ब्रिटिश काळात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला तेव्हापासून या पट्ट्याने उसाच्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या आहेत. पुढे सहकारी कारखाने आले. गाडीला नंबर द्यायचा, तोडणीचा कार्यक्रम आखायचा, यार्डात किती गाड्या मावतात आणि तासाला किती रिकाम्या होतात याचा हिशोब ठेवायचा, हे काम कारखान्याचा शेतकी विभाग आणि केनयार्डवरचे कर्मचारी दर हंगामात करतात. पार्किंगच्या शास्त्रात ज्याला फेरपालट म्हणतात, म्हणजे एका जागेवर दिवसात किती गाड्या येऊन जातात, ते या माणसांना तोंडपाठ असते. त्यांच्याशी अर्धा तास बोलावे, असे आम्ही आजवर पाहिलेल्या कुठल्याही कामाच्या व्याप्तीत लिहिलेले नव्हते.

म्हणून पहिली सूचना: निविदा काढण्याआधी एक मोजणी स्वतः करा. त्याला ड्रोन लागत नाही. तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधली चार मुले, कागदाचे तक्ते आणि नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे एवढे पुरते. त्यातून काय हाती लागते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. पेठेच्या रस्त्यावर दुचाकींच्या ६० जागा आहेत आणि बाजार दहा तास चालतो, असे धरा. म्हणजे ६०० जागा-तास. त्यांतल्या २० जागांवर दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या गाड्या सकाळी लागून रात्रीच हलतात. ते २०० तास गेले. उरलेल्या ४०० तासांत वीस मिनिटे थांबणारी १२०० गिऱ्हाइके येऊन जातील. त्याच २० गाड्या मागच्या बोळात नेल्या तर आणखी ६०० गिऱ्हाइकांना जागा होते. एक वीटही न रचता. 'गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही' असे निवेदन घेऊन येणारे आणि ती जागा अडवणारे बहुतेक तेच असतात. हे तोंडी सांगून भांडण होते, नंबरप्लेटचा तक्ता दाखवला तर होत नाही. निदान कमी होते.

दुसरी सूचना काहींना रुचणार नाही. गरज तपासणारा आणि बांधकामाचा आराखडा करणारा एकच नसावा. आपल्याकडे पाहणी, सविस्तर प्रकल्प अहवाल आणि प्रकल्प व्यवस्थापन हे एकाच गठ्ठ्यात देण्याची सवय आहे. शेवटच्या दोन टप्प्यांची फी बांधकामखर्चाच्या टक्केवारीत असते, पाहणीची फी त्यामानाने चिल्लर. असा सल्लागार प्रामाणिक असला तरी 'बांधू नका' हे सांगण्यात त्याचे नुकसान आहे, आणि ते नुकसान आपणच करारात लिहून ठेवलेले असते. पाहणीची निविदा वेगळी काढा. तिच्यात स्पष्ट लिहा, की न बांधण्याचा पर्यायही तेवढ्याच तपशिलाने मांडावा: दर, वेळेची मर्यादा, मालउतराईचे तास, मागच्या गल्लीचा वापर, शाळेच्या किंवा बाजार समितीच्या आवाराचा सुट्टीच्या वेळी उपयोग. आणि काम सर्वात कमी दरावर देऊ नका. चार लाखांच्या पाहणीत पन्नास हजार वाचवायचे आणि तिच्या भरवशावर काही कोटींचा बहुमजली वाहनतळ बांधायचा, हा हिशोब कोणत्या लेखापरीक्षणात बसतो कोणास ठाऊक, पण बसतो खरा.

बहुमजली वाहनतळाबद्दल इथे थोडे बोलायला हवे, कारण छोट्या नगरपरिषदांनाही तो आता प्रतिष्ठेचा वाटू लागला आहे. दुचाकीवाला भाजी घ्यायला तिसऱ्या मजल्यावर गाडी लावत नाही, ट्रॅक्टर उतारावर चढवता येत नाही आणि लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीला माणूस पुण्याहून किंवा नाशिकहून येतो. याउपर काही सांगावे असे वाटत नाही.

'ग्रामपंचायतीला अधिकारच नाहीत' हे उत्तर आपण फार सहज देतो. वाहने कुठे उभी राहावीत हे ठरवण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये आहे. राज्य शासनाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाने स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून जागा ठरवायच्या असतात. आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात, कलम १२४ खाली पंचायत जे कर आणि फिया बसवू शकते, त्यांत बाजारावरच्या फीबरोबर गाडीतळाची आणि टांगातळाचीही फी आहे. बैलगाडी उभी करायला पैसे घ्यावेत, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हा गैर वाटले नव्हते. हडपसरचा गाडीतळ अजून नावाने का होईना टिकून आहे. गाड्या गावाच्या कडेला सोडायच्या आणि पेठेत पायी जायचे, ही रीत होती. पेठेच्या दारात गाडी फुकट लागलीच पाहिजे, हा हक्क मोटारसायकलीबरोबर आला.

फीचा विषय निघाला, की पुढचा प्रश्न ठेक्याचा. वर्षाला ठरावीक रक्कम भरणाऱ्या ठेकेदाराला वसुली दिली, तर गाड्या कोंबण्यात त्याचा फायदा असतो आणि जागा मोकळी ठेवण्यात तोटा. ८५ टक्क्यांचा नियम तिथेच संपतो. त्यापेक्षा बाजारफी गोळा करणाऱ्या पंचायतीच्या माणसाकडूनच ती घ्यावी आणि आलेला पैसा त्याच पेठेच्या गटारींना, दिव्यांना आणि मुतारीला लागला असे महिन्याच्या महिन्याला फलकावर लिहावे. व्यापाऱ्यांचा विरोध मावळतो तो बहुधा या फलकामुळे, पार्किंगच्या सिद्धांतामुळे नव्हे. फेरीवाल्यांचे २०१४ च्या कायद्याने नगरपरिषद क्षेत्रात जे संरक्षण झाले आहे, तेही विसरून चालणार नाही. गाड्यांना जागा करायची म्हणून हातगाड्या उठवणे हा उपाय अहवालात दिसला, तर तो स्वीकारण्याआधी पथविक्रेता समितीपुढे न्यावा लागेल.

सल्लागारांची गरजच नाही, असे आमचे म्हणणे नाही. स्टेशनसमोरच्या चौकात बस, रिक्षा आणि मालधक्क्यावरचे ट्रक एकत्र येतात, तिथे सिग्नलचे आणि वळणांचे विश्लेषण अनुभवी माणसानेच करावे. रेल्वेची जमीन, सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता आणि नगरपरिषदेची हद्द जिथे एकमेकांत घुसतात, तिथे तटस्थ तज्ज्ञाचा कागद तिन्ही कार्यालयांत चालतो. संरचनेची सुरक्षितता तर त्यांचेच काम. पण गाव कसे चालते हे त्यांना आपण सांगायचे असते, त्यांनी आपल्याला नव्हे.

ज्या नगरपरिषदा आणि मोठ्या ग्रामपंचायती येत्या अंदाजपत्रकात अशा अभ्यासासाठी तरतूद करणार आहेत, त्यांच्या अभियंत्यांनी तक्त्याचा नमुना मागवावा. टपालाने किंवा व्हॉट्सॲपवर आम्ही तो पाठवू. ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्याच्या टेम्पोसाठी त्यात वेगळे रकाने आहेत. पहिली फेरी दिवाळीआधीच्या बाजारच्या दिवशी घ्यावी, दुसरी जानेवारीत गळीत ऐन भरात असताना आणि तिसरी मे महिन्यातल्या दाट लग्नतिथीला. नुसत्या मंगळवारच्या फेरीवर काढलेले निष्कर्ष आम्ही छापणार नाही.