नाडी काय सांगते?

अविनाश साबळे आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. 2022 मध्ये त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं. अशा धावपटूंची नाडी बसल्याजागी मिनिटाला 40-50 पर्यंत उतरते. आपली 60 ते 100. संथ नाडी म्हणजे कमावलेलं हृदय, असं म्हणतात.

मग दिवसभर ऊस तोडून मोळ्या वाहणाऱ्या बाईची? परवा एकीची मोजली, 104. ‘ताई, आत्ताच चालून आले ना!’ दहा मिनिटं बसवलं, तरी 102. अंग कष्टाचं, पण अंगात रक्तच कमी असलं तर प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त पळावं लागतं. 2019 मध्ये गर्भपिशव्यांच्या शस्त्रक्रियांवरून बीड गाजलं. हे रोजचं पळणं बातमीत येत नाही.

टोळी निघण्याआधी तिचं हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासायचं ठरलंय. कमी निघालं तर?

‘उचल घेतलीय ताई, जावंच लागंल.’