चोवीस तासांची पाळी

कापडाच्या धंद्यात आयुष्य काढलेला माणूस ठाण मोजल्याशिवाय सौदा करीत नाही. पण घरी आजारी माणसाच्या शुश्रूषेसाठी बाई ठेवताना आम्ही व्यापारीच मोजमाप विसरतो. ही तक्रार दुसऱ्या कोणाची नव्हे, माझ्याच घरची आहे.

अम्मीला लकवा झाला तेव्हा ब्युरोमार्फत एक बाई आली. चोवीस तासांची पाळी, महिन्याचा ठराविक पगार, जेवण आमच्याकडे. एवढेच बोलणे झाले, तेही फोनवर. काम कोणते, झोप कधी, सुट्टी किती, काहीच ठरले नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, असे डॉक्टरांनी बजावले होते. बाई ते करीत होती. दिवसा आंघोळ, भरविणे, औषधे, लघवीचे भांडे. अम्मीचा डोळा लागला की ही रिकामी बसते, असे घरातल्यांना वाटू लागले. आधी मुलांचे डबे आले, मग पाहुण्यांचा चहा. एके दिवशी भांडीवाली आली नाही म्हणून भांडी आली. भांडीवाली परतली तरी निम्मी भांडी हिच्याकडेच राहिली. आम्ही तिला 'मावशी' म्हणत होतो. मावशी म्हटले की त्या बिचारीला पैशाची गोष्ट काढणे जड जाते, हे मला फार उशिरा उमजले.

सव्वा महिन्याने एका रात्री तिला गाढ झोप लागली. अम्मी पलंगावरून खाली पडली, खुब्याचे हाड मोडले. आम्ही त्याच सकाळी बाईला काढले, वर आठ दिवसांचा पगार कापला.

हिशेब मी नंतर केला, दवाखान्याच्या बाकावर बसून. रात्री दहा ते सकाळी सहा, दर दोन तासांनी उठायचे, शिवाय मधल्या हाका. म्हणजे सलग दोन तासांचीही झोप नाही, आणि सव्वा महिन्यात एकही सुट्टी नाही. माझ्या दुकानातील नोकराला मी असे राबविले असते तर? १९४८ च्या कायद्याने, ज्याला आपण गुमास्ता कायदा म्हणतो, दुकानातील कामाचे तास व आठवड्याची सुट्टी बांधून दिली. त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला, त्यातही आठवड्याची सुट्टी आहेच. दुकानाचा उंबरठा ओलांडून घरात शिरलो की हे सारे संपते, कारण घर म्हणजे आस्थापना नव्हे.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो नोंदणी व मदतीचा आहे. रात्री किती तास झोपू द्यावे हे त्यात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी करार संमत केला, त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती सांगितली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला घरकामगारांच्या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास सांगितले. तेव्हा कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा व्यापाऱ्याने आपल्या घरापुरते तरी कागदावर लिहून घ्यावे.

काय लिहावे? रुग्णाचे काम कोणते, हे आधी. घरचा स्वयंपाक व धुणीभांडी त्यात नाहीत. इंजेक्शन देणे हे नर्सचे काम आहे, आयाच्या गळ्यात ते घालू नये. पुरुष रुग्णाला आंघोळ घालावी लागणार असेल तर तसे पहिल्या दिवशीच सांगावे, आणि ती नको म्हणाली तर राग धरू नये. तिला निजायला आतून कडी लागणारी जागा हवी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घरसुद्धा कामाचे ठिकाण मानले आहे व घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही गोष्ट किती मालकांना ठाऊक आहे? बायांना तर त्याहूनही कमी. शिवाय आपण भरलेल्या पैशांतून ब्युरोची दलाली किती आणि बाईच्या हातात किती, हेही विचारावे. सुताच्या दलालाला आपण विचारतोच ना.

मित्र म्हणतात, दोन बायका ठेवणे कोणाला परवडते? खरे आहे, मलाही परवडत नाही. परंतु दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर एका माणसाचे हे काम नाही, हे गणित पैसे नसल्याने बदलत नाही. आता आमच्याकडे बाई दिवसा बारा तास असते, जुम्म्याला तिची सुट्टी. रात्र मी आणि धाकटा भाऊ वाटून घेतो. पहिल्याच आठवड्यात माझा दोनदा डोळा लागला. माझा पगार कोणी कापला नाही.

कापलेले आठ दिवसांचे पैसे घेऊन मी ब्युरोत गेलो होतो. ती तेथून नाव काढून गेली होती. मालक पत्ता देईना, म्हणाला पैसे ठेवून जा, पोहोचवतो. ठेवून आलो. पावती मागितली तर ती काही त्याने दिली नाही.