आधी आपले वाक्य, मग यंत्राची दुरुस्ती



अभ्यासकेंद्रावरील एका संपर्कसत्रात चाळिशीच्या एका विद्यार्थिनीने रजेचा इंग्रजी अर्ज लिहून आणला होता. अर्ज निर्दोष होता. त्यातील ‘अनफोरसीन सर्कमस्टन्सेस’ या शब्दप्रयोगाचा अर्थ मी विचारला, तेव्हा त्या गप्प झाल्या. अर्ज मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने लिहिला होता. मी म्हटले, “ताई, तुम्हाला येते तसे एक वाक्य लिहा.” बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिले : ‘आय अ‍ॅम सिक फ्रॉम यस्टर्डे.’ वाक्य चुकले होते. पण त्या निर्दोष अर्जापेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटले. असे का वाटले, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

या वाक्यातील चूक अज्ञानातून आलेली नाही. मराठीत आपण ‘मी कालपासून आजारी आहे’ असे म्हणतो. ‘आहे’ हे वर्तमानकाळाचे रूप आणि ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय, या दोहोंसाठी विद्यार्थिनीने इंग्रजीतील जवळचे पर्याय शोधले. इंग्रजीत मात्र काल सुरू होऊन आजही चालू असलेल्या स्थितीसाठी ‘हॅव बीन’ आणि ‘सिन्स’ यांची योजना करावी लागते : ‘आय हॅव बीन सिक सिन्स यस्टर्डे.’ म्हणजे ही चूक नियमबद्ध आहे. एस. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्येच प्रतिपादन केले होते की, शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या शिकण्याच्या प्रक्रियेचा पुरावा असतो. पुढे 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या मनात घडत जाणाऱ्या या मधल्या भाषेला ‘इंटरलँग्वेज’ असे नाव दिले. मातृभाषा आणि नवी भाषा यांच्यामधील हा पूल प्रत्येकाला स्वतःच बांधावा लागतो. यंत्राने पूर्ण अर्ज लिहून दिला की आपण पलीकडच्या काठावर पोहोचल्यासारखे दिसतो. पूल मात्र बांधला गेलेला नसतो.

याचा अर्थ ही साधने टाळावीत असा नाही. मुक्त शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण मी जाणतो. दिवसभर नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून तो रात्री पुस्तक उघडतो, तेव्हा शंका विचारायला जवळ कोणी नसते. मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. पाठमाला नियम सांगे, सरावाला वाक्ये देई; परंतु विद्यार्थ्याने स्वतः रचलेले वाक्य बरोबर आहे की नाही, हे सांगणे कोणत्याही छापील पुस्तकाच्या आवाक्यात नव्हते. ती उणीव ही साधने भरून काढू शकतात. शिवाय यंत्र हसत नाही. प्रौढ विद्यार्थ्याला व्याकरणापेक्षाही चारचौघांत चुकण्याची लाज अधिक अडवते. एकच शंका दहा वेळा विचारता येणे, ही त्याच्या दृष्टीने लहान सोय नाही.

मात्र या साधनांच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. प्रचंड मजकुरावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचा अंदाज घेत ती उत्तर रचतात. त्यामुळे वाक्य बहुधा शुद्ध असते. पण त्यामागचा म्हणून सांगितलेला नियम चुकीचा असू शकतो, आणि तोही तितक्याच आत्मविश्वासाने सांगितला जातो. इंग्रजीच्या तुलनेत मराठी मजकूर त्यांना फार कमी मिळालेला असल्याने मराठीतील स्पष्टीकरण कधीकधी कृत्रिम वाटते. म्हणून नियम व्याकरणाच्या पुस्तकात आणि शब्दार्थ शब्दकोशात पडताळून पाहावा.

उच्चारांबाबतही सावध राहावे. इंग्रजीत ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांचे आरंभीचे ध्वनी भिन्न आहेत. आपण बहुतेक जण दोन्हींसाठी मराठी ‘व’ वापरतो. बोललेले टिपून घेणारे साधन संदर्भावरून योग्य शब्द लिहून मोकळे होते. यंत्राला कळले म्हणजे उच्चार बरोबर होता, असा निष्कर्ष काढता येत नाही.

तेव्हा माझे मत असे आहे : यंत्राला लेखनिक करू नये, तपासनीस करावे. प्रथम चार-पाच वाक्ये स्वतः, कागदावर लिहावीत. मग साधनाला मराठीतच स्पष्ट सूचना द्यावी : ‘मी इंग्रजी नव्याने शिकत आहे. माझे वाक्य दुरुस्त करू नका. चूक कोणत्या शब्दात आहे एवढेच सांगा. मी पुन्हा लिहिल्यावर कारण सोप्या मराठीत समजावून द्या आणि तशीच तीन वाक्ये सरावासाठी द्या.’ दुसऱ्या दिवशी मोबाईल बाजूला ठेवून तोच मजकूर पुन्हा लिहावा. तो न अडखळता लिहिता आला, तरच शिकणे झाले असे मानावे. सराव करताना आपली किंवा इतरांची खासगी माहिती यंत्राला देऊ नये, हेही लक्षात ठेवावे.

काही जण म्हणतील की, अर्ज मंजूर होण्याशी आपल्याला मतलब. तो कोणी लिहिला याला काय महत्त्व? तातडीच्या कामापुरते हे ठीक आहे. परंतु मुलाखतीत, दवाखान्यात किंवा कार्यालयातील खिडकीपाशी समोरच्याने प्रश्न विचारला, तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. तेथे उसने निर्दोष वाक्य उपयोगी पडत नाही. स्वतःचे मोडकेतोडके वाक्य पडते. स्वाध्यायाचेही तसेच आहे. गुण यंत्राच्या उत्तराला मिळतील. पदवी मात्र तुमच्या नावावर असेल.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या सत्रात तीन ओळींचा अर्ज आणला. त्यात ‘सिन्स’ योग्य जागी होते. एके ठिकाणी ‘द’ मात्र राहून गेला होता. मराठीत अशी उपपदे नसल्यामुळे तो आपल्याकडून निसटतोच. या वेळी मात्र प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांनी न विचारता सांगितला.

आजच ‘मी कालपासून...’ अशी सुरुवात असलेली पाच मराठी वाक्ये लिहा आणि ती स्वतः इंग्रजीत मांडा. यंत्र त्यानंतर उघडा.